स्वप्नवही : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

८ जून, शनिवार

पुण्यात सहकारनगरच्या विरंगुळा केंद्रात पहिली बैठक झाली. अकरा जण आले, सात बायका आणि चार पुरुष, सगळे ६८ ते ८१ वयाचे. प्रत्येकाला एक शंभरपानी वही आणि पेन दिलं. वही उशाशी ठेवायची. जाग आली की कूस न बदलता, जे दिसलं ते एकदा मनातल्या मनात म्हणायचं आणि लगेच लिहायचं. देवाला हात जोडणं, चहा, मोबाईल सगळं त्यानंतर. दर शनिवारी चार वाजता वह्या घेऊन जमायचं, आणि ज्याला वाटेल त्यानेच वाचून दाखवायचं.

गटात माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत. आता ७४ वर्षांच्या. वही हातात आल्याबरोबर त्यांनी तिला समास आखून घेतला.

प्रकल्पाचा हेतू लिहून ठेवते. कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना दरवर्षी मुलं विचारतात, "मॅडम, स्वप्नात साप दिसला तर काय?" माझ्याकडे द्यायला दोनच गोष्टी असतात: फ्रॉइड-युंग या मनोविश्लेषकांची थिअरी, नाहीतर घरोघरी सांगतात ती शकुन-अपशकुनांची यादी. मला मराठी माणसांनी मराठीतून सांगितलेल्या स्वप्नांचा एक प्रतीककोश करायचा आहे. साप, दात, पाणी, लग्न, मेलेली माणसं. प्रत्येक प्रतीकापुढे लोकसमजूत काय, शास्त्र काय म्हणतं, आणि आमच्या गटात काय अर्थ निघाला.

९ जून

रकाने ठरवले. तारीख, जाग आल्याची वेळ, स्वप्न जसं आठवलं तसं, आदल्या दिवशी काय घडलं, स्वप्नात काय वाटलं. शेवटी, उरलेल्या जागेत, "यावरून काय आठवतं?"

वर्गवारीसाठी चरकसंहिता काढली. तिच्या इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, मनाने मागितलेलं, रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून उठलेलं. यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, असं तिथेच म्हटलं आहे. निष्फळ म्हणजे त्यातून पुढचं काही कळत नाही. मला मात्र हेच पाच हवेत. ज्याला फळ नाही त्याला मूळ तरी असणारच, आणि ते माणसाच्या जगण्यात आहे.

१५ जून, शनिवार

समजुतींचा दिवस. मी फक्त लिहून घेत होते. दात पडला की घरातलं कुणीतरी जातं. लग्न दिसलं की मर्तिक. मर्तिक दिसलं की ज्याचं दिसलं त्याचं आयुष्य वाढतं. साप म्हणजे पितरांचं काहीतरी राहिलंय, किंवा धन येणार, किंवा सुनेला दिवस जाणार. हे ज्याच्या त्याच्या गावावर. मेलेलं माणूस काही देत असेल तर घ्यावं, बोलवत असेल तर जाऊ नये. पहाटेचं स्वप्न खरं होतं.

शेवटच्यावर मी थांबले, कारण त्याला एक धागा आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक काळाने डोळे पापण्यांआड भराभर हलतात आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. असेरिन्स्कीने डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र आधी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला लावून पाहिलं होतं. ही झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी येते आणि पहाटेकडे तिचा वेळ वाढत जातो. म्हणून सर्वांत लांबलचक, ठसठशीत स्वप्नं पहाटेची, आणि लगेच जाग आल्यामुळे लक्षातही तीच राहतात. ८१ वर्षांच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आईने बघितलेलं बरोबरच होतं की. कारण तेवढं तिला ठाऊक नव्हतं."

दातांचं पान लवकर उरकलं. तिघांना दात पडल्याची स्वप्नं पडतात. २०१८ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी अशा स्वप्नांचा माग घेतला, तेव्हा त्यांचा संबंध मनाच्या ताणापेक्षा उठल्यावर दात-हिरड्यांना जाणवणाऱ्या अवघडलेपणाशी जास्त दिसला. आमच्या तिघांपैकी एक काका झोपेत दात खातात, असं काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे.

२२ जून, शनिवार

बाईंनी पहिलं स्वप्न वाचलं. त्यांच्याच शब्दांत उतरवते:

"परीक्षेचा हॉल. शाळा ओळखीची, पण खिडक्या अगदी खाली, जमिनीलगत. प्रश्नपत्रिकेवर एकच प्रश्न, गाळलेल्या जागा भरा. १७ नंबरची जागा भरायची आहे. पेन नाही. मग हाताने भरते. हाताला गार लागतं. भरली तरी जागा रिकामीच दिसते. वेळ संपली म्हणतात, पण घंटा होत नाही."

शेवटच्या रकान्यात एवढंच: "जन्म परीक्षा घेण्यात गेला. दिसणारच."

परीक्षेचं स्वप्न बहुतेकांना पडतं, आणि फ्रॉइडने म्हटलंय तसं, जी परीक्षा आपण पास झालेली असते तीच पुन्हा द्यावी लागते. मी कोशात "परीक्षा" असं पान उघडून हे तिथे टाकलं.

दुसरं स्वप्न एका मावशींचं. यजमानांना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली, सगळं त्याच करतात. स्वप्नात गुहागरच्या समुद्रावर उभ्या आहेत आणि नारळाच्या झाडांपेक्षा उंच लाट येते आहे. मी लगेच बोलून गेले, "मावशी, लाट म्हणजे अनावर झालेली भावना. तुम्ही फार दडपणाखाली आहात." बोस्टनचे स्वप्नसंशोधक अर्नेस्ट हार्टमन यांनी नेमकं हेच मांडलंय: आघातातून गेलेल्या माणसाला, मग तो आघात आगीचा असो की हल्ल्याचा, बऱ्याचदा भल्यामोठ्या लाटेचं स्वप्न पडतं, ती लाट भावनेचं चित्र असते. मावशी म्हणाल्या, "हो गं, असेल."

२९ जून, शनिवार

मावशींनी या आठवड्यात तीन स्वप्नं लिहून आणली. तिन्हीत लाट. तिन्हीच्या शेवटी "मनावर दडपण आहे" असं वाक्य. बैठक संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्या ओशाळल्या. "एकच पडलं होतं. बाकीची दोन... तुला तसं हवं होतं ना?"

रात्रभर हे डोक्यात राहिलं. १९०९ साली अमेरिकेच्या प्रवासात युंग आणि फ्रॉइड एकमेकांना आपली स्वप्नं सांगत. युंगच्या स्वप्नात एक घर होतं, मजल्यामजल्याने जुनं होत जाणारं, आणि अगदी तळघराच्या खालच्या गुहेत दोन कवट्या. फ्रॉइड त्या कवट्यांवरच अडून बसला: कुणाच्या आहेत त्या? त्याला कुणाच्या तरी मरणाची इच्छा ऐकायची होती, हे युंगने ओळखलं आणि सांगून टाकलं की बायकोच्या आणि मेव्हणीच्या. ते खोटं होतं, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. अर्थ लावणारा मोठा असला, त्याच्याबद्दल आदर असला, की सांगणारा त्याला हवं ते देतो. मावशींनी मला तेच दिलं.

नवा नियम: अर्थ मी सांगायचा नाही. फक्त विचारायचं, आणि विचारून झाल्यावर गप्प बसायचं.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामी आहेत. निवडुंग्या विठोबाला तुकोबांच्या पालखीचं दर्शन घेतलं. गटातल्या एक आजी सोबत होत्या, माळकरी आहेत. रांगेत त्यांनी आपणहून तुकोबांच्या स्वप्नाचा अभंग काढला. गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, बाबाजी असं नाव सांगितलं, रामकृष्णहरी मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आणि मध्येच हे:

"भोजना मागती तूप पावशेर । पडिला विसर स्वप्नामाजी ॥"

अख्ख्या परंपरेला वळण देणाऱ्या स्वप्नात पावशेर तूप! आणि तेही द्यायचं राहून गेलं. आजी म्हणाल्या, "म्हणूनच ते खरं. रचून सांगणाऱ्याला तूप सुचायचं नाही." माझं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आलं. स्वप्नातला जो तपशील गोष्टीला शोभत नाही, कुठेच नीट बसत नाही, तोच बहुतेक वेळा सर्वांत मोलाचा असतो. तुकोबांनी तो गाळला नाही.

आणि त्यांनी स्वतः काय केलं पाहा. तूप हे कशाचं प्रतीक, असलं काही विचारलं नाही. काहीतरी अंतराय आला, म्हणूनच सद्गुरूंना जायची घाई झाली असावी, एवढाच अंदाज केला. आपल्या चुकीशी, आपल्या रुखरुखीशी ते स्वप्न जोडून घेतलं.

घरी येऊन दुसरा अभंग वाचला, दुष्काळाने द्रव्य आटलं, मान गेला आणि "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हा. ज्याच्या घरात माणूस उपाशी मेलं त्याच्याकडे स्वप्नात कुणीतरी जेवायला पावशेर तूप मागतं आणि ते द्यायचं राहून जातं. या दोन ओळी मी जोडते आहे, तुकोबांनी जोडलेल्या नाहीत. म्हणून हे कोशात जाणार नाही, इथेच राहील. पण तुपाचा अर्थ कुठल्याही यादीत मिळाला नसता, एवढं मला आज पक्कं कळलं.

६ जुलै, शनिवार

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले काका (७२) दोन आठवडे आले नव्हते. आज मुलाने आणून सोडलं. झोप उडाली आहे. स्वप्नात गेलेल्या काकू गाडीत चढल्या आणि त्यांना हाक मारली. घरात सगळे घाबरलेत: गेलेलं माणूस गाडीत बसून बोलवतंय. सूनबाईंनी दारावर लिंबू-मिरची बांधली, काकांनी वही कपाटात ठेवून दिली.

मी म्हटलं, काका, नुसतं सांगा, अगदी बारीकसारीक. मग ते सांगायला लागले आणि सांगता सांगता सावरून बसले.

जुनी लाल गाडी. हातात तिकिटांचा ट्रे, म्हणजे मशीन यायच्या आधीचा काळ. ते पंच वाजवत पुढे येताहेत. काकू स्वारगेटला चढल्या, खिडकीची जागा धरली. म्हणाल्या, "अहो, अर्धं द्या." काका म्हणाले, "अर्धं नाही देता येत. नियम आला नाही अजून." काकू हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "अहो, द्या ना." मग वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचं राहिलंय म्हणून काका घाबरेघुबरे होऊन जागे झाले.

"हाक म्हणजे एवढीच?" मी विचारलं.

"एवढीच. अर्धं मागितलं."

"आदल्या दिवशी काय झालं होतं?"

मेव्हणीला घेऊन साताऱ्याला गेले होते. मेव्हणीचं अर्धं तिकीट निघालं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. काकू २०१९ साली गेल्या. त्यांचं माहेर कऱ्हाडच्या पुढे, आणि भाडं वाचावं म्हणून वर्षातून एकदाच जायच्या. कंडक्टरची बायको असून. काका बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "चार वर्षं थांबली असती तर महिन्याला गेली असती."

याला फ्रॉइड दिवसाचा अवशेष म्हणतो: कालचा एखादा क्षुल्लक प्रसंग स्वप्न उचलतं आणि त्याला जुनं, खोल काहीतरी चिकटवतं. अर्ध्या तिकिटाला काकूंचं माहेर चिकटलं. काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनीच मुलाला फोन लावला आणि म्हणाले, "ते लिंबू काढ दारावरचं. तिकीट मागायला आली होती ती."

कोशातलं "मृत व्यक्ती" हे पान आज मी कोरंच ठेवलं.

१२ जुलै, शुक्रवार

पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्याला ६३ वर्षं झाली. बैठक मुद्दाम एक दिवस आधी घेतली, कारण अकरापैकी सहा जण पूरग्रस्तांची मुलं आहेत. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर या वस्त्या उभ्या राहिल्या त्याच १२ जुलै १९६१ नंतर. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले.

मला वाटलं होतं, यांच्या स्वप्नांत पाणी असेल. ते जवळजवळ नाहीच. पाणी त्यांनी टेकडीवरून, गच्चीवरून, लांबून पाहिलं. काहींना तर आधीच उचलून दुसरीकडे नेलं होतं. स्वप्नात येतो तो गाळ. एक काका: "घरात शिरलो तर आमचा बंब दिसला, तोंडापर्यंत गाळाने भरलेला. आईने चिंच लावून लावून घासला, पण तांब्यावरचा तो काळा वास गेला नाही." त्यांच्या स्वप्नात अजून बंब येतो आणि नळातून गाळ गळतो. आजी: "गाळ गार असतो. उन्हाळ्यातसुद्धा आतून गार."

बाई काही बोलल्या नाहीत. उजव्या हाताची बोटं अंगठ्याने चोळत बसल्या होत्या, खडू पुसावा तशी.

मावशींना आज कुणी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, "माझ्या लाटेचं सांगायचं राहिलं. मला भीती नव्हती वाटली. आता लाट येईल, मग आपल्याला काहीच करायचं उरणार नाही, असं वाटलं. बरं वाटलं, गं." सगळे गप्प. बाजूच्या आजींनी त्यांचा हात धरला. हार्टमन चुकलेला नाही आणि त्या दिवशी मीही चुकले नव्हते, पण "अनावर भावना" म्हणून मी जे दार लावून टाकलं त्याच्या पलीकडे हे बसलं होतं. संध्याकाळी त्यांच्या मुलीशी बोलले. रात्रपाळीला एक बाई ठेवायचं ठरतंय.

२० जुलै, शनिवार

आज बैठक छोटी. मी घरी वाचत बसले, कारण १२ तारखेपासून एक गोष्ट टोचते आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीक माणसाने स्वप्नार्थाची पाच पुस्तकं लिहिली. कोशाचा तो मूळपुरुष म्हणावा, पण तोही बजावतो की स्वप्न पाहणारा कोण, त्याचा धंदा काय, गावचे रीतिरिवाज काय, हे आधी विचारा. एकच स्वप्न दोघांना दोन अर्थांनी पडतं. त्यानेच अलेक्झांडरची गोष्ट दिली आहे. टायर शहराचा वेढा हटत नव्हता. अलेक्झांडरला स्वप्नात एक सॅटर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असलेला वनदेव, ढालीवर नाचताना दिसला. स्वप्नज्ञाने शब्द फोडला: "सा टायरॉस", टायर तुझं. शहर पडलं. ही फोड ग्रीकमध्येच होते. मराठीत सॅटर नुसता नाचत राहील.

फ्रॉइडला ही गोष्ट फार आवडे, आणि प्रत्येक भाषेला स्वप्नांची आपली वेगळी भाषा असते, हे त्याचा सहकारी फेरेन्त्सी याचं म्हणणं त्याने आपल्या पुस्तकात घेतलं आहे. इर्मा नावाच्या रुग्णाबद्दलच्या आपल्या स्वप्नाचंही, २४ जुलै १८९५ चं, त्याने असंच केलं: एकेक तुकडा घ्यायचा आणि त्यावरून काय आठवतं ते लिहायचं. प्रतीकांची ठरीव यादी त्याच्या पुस्तकात नंतरच्या आवृत्त्यांत वाढत गेली. लोकांनी यादी उचलली आणि पद्धत मागे राहिली.

हे मी वीस वर्षं शिकवते आहे. पण कधी विचारलं नाही की आपली स्वप्नं मराठीत काय करतात. पोटात गोळा येतो, पायाखालची वाळू सरकते, जीव टांगणीला लागतो, तोंडचं पाणी पळतं. ही सगळी चित्रंच आहेत, आणि झोपेत मनाला चित्रंच हवी असतात. गटातल्या एका काकांना मुलाच्या नोकरीच्या काळजीत स्वप्न पडलं होतं की ते खुंटीला टांगलेत. मी ते "असहायता" म्हणून नोंदवलं होतं. ते शब्दशः टांगणीला लागले होते.

मग सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स काढून पुन्हा वाचायला घेतल्या, या वेळी मोठ्याने. बाईंच्या पहिल्या स्वप्नाशी आले. गाळलेल्या जागा भरा. हाताला गार लागतं.

वाचून थांबले. हे त्यांना सांगायचं नाही. नियम आहे.

२५ जुलै, गुरुवार

पहाटेपासून फोन. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलंय, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, लष्कराला बोलावलं. आमच्या गटातलं कुणी तिथे राहत नाही, पण आजींची नात राहते. ती सुखरूप आहे.

२७ जुलै, शनिवार

सगळे आले, पावसातून. सहाही पूरग्रस्तांना या दोन रात्रींत स्वप्नं पडलीत, आणि आता पाणी आलंय. ज्यांच्या स्वप्नांत ६३ वर्षं पाणी जवळजवळ नव्हतंच त्यांना टीव्हीवरच्या रबरी होड्या दिसल्या. दृष्ट, चरकाच्या शब्दांत. त्यात प्रतीक शोधायला गेले तर मी त्यांच्यावर अन्याय करेन. आज अर्थाचं काहीच काढलं नाही. गवती चहा केला.

३ ऑगस्ट, शनिवार

एक व्यवहारातली नोंद. एका काकांच्या पत्नीने सांगितलं, हे झोपेत लाथा मारतात, हात उगारतात, परवा पलंगावरून पडले. विचारलं तर म्हणाले, कुत्रा अंगावर आला होता. स्वप्नाच्या झोपेत एरवी शरीर सैल पडलेलं असतं, म्हणूनच ओरडावंसं वाटतं आणि आवाज फुटत नाही. हा लगाम सुटला की माणूस स्वप्न अंगाने करू लागतो. वाढत्या वयात ही पार्किन्सनची आगाऊ खूण असू शकते. इथे कुत्र्याचा अर्थ लावत बसणं चुकीचं. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली.

१० ऑगस्ट, शनिवार

बाईंना ते स्वप्न पुन्हा पडलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "गाळलेल्या जागा भरा, १७ नंबर, हाताला गार", आणि वाचता वाचता अडखळल्या. "गाळ," त्या म्हणाल्या. आम्हाला नाही, स्वतःलाच. मग वही मिटली.

मी काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने बोलायला लागल्या.

पुराच्या वर्षी त्या पाचवीत होत्या, शनिवार पेठेत. शाळा कितीतरी दिवस बंद होती, मग दुसऱ्या इमारतीत भरली. वर्गबाईंनी नवीन हजेरीपट केला. आधी बाईंचा नंबर १८ होता. १७ नंबरची मुलगी आली नव्हती. तिचं नाव गाळलं, खालचे नंबर एकेकाने वर सरकले. "वर्गबाईंनी सतरा म्हटलं आणि मी उठून 'हजर' म्हटलं. तिच्या नंबराला. तिच्या जागेवर बसवलं मला, खिडकीशी." ती मुलगी गेली की तिच्या घरचे दुसऱ्या गावी गेले, कुणी सांगितलं नाही. तेव्हा मुलांनी विचारायचं नसे. खडूने पाटीवर गाळलेल्या जागा सोडवायचा त्या दोघींचा खेळ होता. एकीने वाक्य घालायचं, दुसरीने भरायचं.

"एवढी वर्षं मुलांना तोच प्रश्न घालत आले गं मी," बाई म्हणाल्या. "दर चाचणीला."

मला माझा चौथीचा वर्ग आठवला. एक मुलगी दिवाळीनंतर बदलीच्या गावी गेली होती. तिचा नंबर बाईंनी वर्षभर रिकामा ठेवला. हजेरी घेताना २२ म्हणायच्या, जरा थांबायच्या, आणि मग २३. आम्हाला वाटायचं, विसरतात. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो. नंबर नाही बदलायचे मी कुणाचे मधेच. का, ते मलाही ठाऊक नव्हतं."

१८ ऑगस्ट

कोशाची फाईल बंद केली. त्यातलं दातांचं पान तेवढं ठेवलं आहे. आता प्रत्येकाची वही हाच एकेक वेगळा ग्रंथ धरून काम करायचं, आणि सर्वांत खालचा रकाना, "यावरून काय आठवतं?", सर्वांत वर न्यायचा, अख्खं पान देऊन. नातेवाईकांची यादीही बदलली. हॉल आणि व्हॅन डी कॅसल या स्वप्नसंशोधकांच्या १९६६ च्या पद्धतीत स्वप्नातली माणसं आणि नाती नीट मोजता येतात आणि मी तीच वापरत होते, पण आत्या, मावशी, काकू, मामी यांना एका खान्यात कोंबून आमच्याकडे काही कळत नाही. स्वप्नात आत्या आली की घरातलं वातावरण वेगळं आणि मावशी आली की वेगळं, हे गटातल्या प्रत्येक बाईने मला ठणकावून सांगितलं आहे.

एसटीवाले काका कऱ्हाडला जाऊन आले. काकूंच्या माहेरी. ७५ पूर्ण झाली की मला फुकट, तोवर अर्धं तिकीट काढतो, म्हणाले. जाताना शेजारची सीट रिकामी होती, असंही वहीत लिहिलंय.

२४ ऑगस्ट, शनिवार

पहिला टप्पा संपला. वह्या ज्याच्या त्याच्याकडे राहतील. मी तेवढंच उतरवलंय जेवढं त्यांनी उतरवू दिलं. जाताना प्रत्येकाला त्याची टिपणं वाचून दाखवली आणि कुठे काही बदलायचं का विचारलं. मावशींनी गुहागर तसंच ठेवायला सांगितलं.

बाईंनी आपली पानं लाल पेनाने तपासून दिली, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. या आठवड्यातल्या पानावर तारीख आणि "आठवत नाही" एवढंच आहे. त्या मुलीचं नाव त्यांनी मला सांगितलं, आडनावासकट. पुण्यात तिच्या घरचं कुणी आहे का, याची चौकशी त्यांनी जुन्या वाड्यातल्या लोकांकडे सुरू केली आहे. मी विचारलं, नोंदीत लिहू का?

"माझं गाळलंस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "तिचं मात्र गाळू नकोस. पण आत्ता भरूही नकोस. तिच्या घरचं कुणी भेटलं तर विचारून भरू. तोवर टिंबं दे."

१७. ....................